जुन्या स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक: जोर वाढवण्याआधी वाटणी तपासा

प्रति,
संपादक

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या डागडुजीवरचा लेख वाचला. इंजिन, रंगकाम आणि आसनांबद्दल त्यात बरेच उपयोगी लिहिले आहे. ब्रेकवर मात्र एकच परिच्छेद आहे: पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) लावा, मागचे ड्रम काढून डिस्क बसवा, वर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जोडा, की जुनी गाडी नव्यासारखी थांबेल. हा सल्ला अर्धवट आहे, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर कसा वाटला जातो, याचा त्यात विचारच नाही. असा सल्ला ऐकून केलेले काम गॅरेजमध्ये उत्तम दिसते आणि पहिल्या तातडीच्या ब्रेकला गाडी मागून फिरते. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र. शक्य असेल तर आकड्यांसह छापावे.

उदाहरणाला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी घेऊ. ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यांचे सुटे भाग तिकडे आजही नवे मिळतात. पुढे पावणेअकरा इंची, म्हणजे २७३ मि.मी.ची डिस्क, मागे १० इंची ड्रम, आणि सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑईलची एकच लाइन. त्या काळातल्या बहुतेक हलक्या स्पोर्ट्स गाड्यांची मांडणी साधारण अशीच असल्याने पुढचा हिशेब इतर गाड्यांनाही लागू पडतो. आकडे तेवढे आपापल्या गाडीचे घ्यावे लागतील.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. माणसांसकट वजन ११०० किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.३१ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि उभ्या गाडीत भार दोन्हीकडे निम्मा निम्मा, असे धरू. कोरड्या डांबरावर गाडी ०.८ जी (जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग) इतक्या जोराने मंदावत असेल, तर ११०० × ०.८ × ०.५ भागिले २.३१, म्हणजे सुमारे १९० किलो भार मागच्या चाकांवरून उठून पुढच्या चाकांवर जातो. पुढे ७४० किलो, मागे ३६०. ही झाली ६७:३३ अशी वाटणी. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर ०.३ जीच साधत असेल, तर जेमतेम ७० किलो सरकतात आणि वाटणी ५६:४४ राहते. टायरची पकड त्याच्यावरच्या भाराच्या प्रमाणात असते, म्हणून ब्रेकचा जोरही याच प्रमाणात वाटला गेला पाहिजे. पण भाराची वाटणी पकडीप्रमाणे बदलते आणि साध्या ब्रेकची वाटणी कायम तीच राहते. म्हणून कारखाना मुद्दाम ब्रेकचा जोर थोडा पुढे झुकता ठेवतो. पुढची चाके आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, तर स्टिअरिंग लागत नाही, पण गाडी सरळ जाते. मागची आधी लॉक झाली की त्या टायरांचा आडवा आधार संपतो आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. तो प्रकार एका सेकंदाच्या आत घडतो, सावरायला वेळच मिळत नाही.

आता ब्रेकची वाटणी कशी काढायची ते पाहा. यासाठी व्हर्नियर आणि टेप एवढेच लागते. डिस्कचा जोर म्हणजे कॅलिपरच्या एका बाजूच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ, गुणिले पॅडच्या घर्षणांकाची दुप्पट, गुणिले चाकाच्या मध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंतचे अंतर. पुढचा पिस्टन ५४ मि.मी.चा असेल तर क्षेत्रफळ २२.९ चौ.सें.मी., घर्षणांक ०.३८, त्याची दुप्पट ०.७६, त्रिज्या ११.५ सें.मी., म्हणजे ०.११५ मीटर. तिन्हींचा गुणाकार २.०. मागच्या ड्रममध्ये एक शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे तिथे ०.७६ ऐवजी सुमारे २.२ हा गुणक धरतात. शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर २० मि.मी.चा, क्षेत्रफळ ३.१४, त्रिज्या १२.७ सें.मी., म्हणजे ०.१२७ मीटर. गुणाकार ०.८८. दाब दोन्हीकडे सारखाच असल्याने तो हिशेबात धरायची गरज नाही. वाटणी आली ७०:३०. वरच्या भाराच्या हिशेबाशी ताडून पाहिले तर साधारण ०.९२ जीपर्यंत या गाडीची पुढचीच चाके आधी लॉक होतात, आणि त्या काळच्या अरुंद टायरांना तेवढी पकड सहसा नसतेच. मूळ बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलेली ही वाटणी आहे.

बहुतेक जण पहिली सुधारणा म्हणून फक्त पुढे जास्त पकडीचे पॅड टाकतात. घर्षणांक ०.३८ चा ०.४८ झाला. पायाला लगेच फरक जाणवतो, कमी दाबात ब्रेक जास्त लागतो आणि मालक खूश होतो. पण वाटणी ७०:३० ची ७४:२६ झाली. टायरची पकड ०.८ धरली, तर पुढची चाके लॉक व्हायच्या सीमेवर गाडी आधी ०.७६ जीने मंदावत होती, ती आता ०.७० जीनेच मंदावते. ताशी ८० कि.मी.वरून थांबायला आधी ३३ मीटर लागत होते, आता जवळजवळ ३६. महागडे पॅड टाकून थांबायचे अंतर अडीच मीटरने वाढले! कारण मागची चाके आपल्या वाट्याचे काम करतच नाहीत. यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. मागे २० ऐवजी २२ मि.मी.चा व्हील सिलिंडर बसवला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि वाटणी पुन्हा ७०:३० वर येते. असा सिलिंडर मिळत नसेल तर मागच्या शूंना तितक्याच जास्त पकडीचे लायनर चिकटवून घ्यावेत. मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे हे अशा गाडीत उलटे औषध ठरते. तो व्हॉल्व्ह मागचा दाब फक्त घटवतो, वाढवू शकत नाही.

चार पिस्टनांच्या कॅलिपरबद्दलही गैरसमज आहे. पिस्टन किती आहेत याला फार महत्त्व नाही, एका बाजूचे एकूण क्षेत्रफळ किती हे पाहायचे. ३८ मि.मी.चे चार पिस्टन असतील तर एका बाजूला दोन, म्हणजे २२.७ चौ.सें.मी. मूळ एका पिस्टनाइतकेच. त्यामुळे वाटणी बदलत नाही, पेडलने दाबला जाणारा मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरही तोच चालतो. पॅड लांब असल्याने झीज सारखी होते आणि उष्णता पसरते, हा खरा फायदा. पण ४१.३ मि.मी.चे चार पिस्टन घेतले की क्षेत्रफळ २६.८ होते, म्हणजे १७ टक्के जास्त. जोर तेवढा पुढे सरकतो आणि पुढच्या कॅलिपरला ऑईलही १७ टक्के जास्त लागते, म्हणून पेडल खोल जाते.

मग पेडल खोल जाते म्हणून मोठा मास्टर सिलिंडर बसवतात. तिथेही हिशेब करायला हवा. पेडलचे गुणोत्तर ५:१ असेल आणि पायाने ४० किलो दिले, तर मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर २०० किलो पडतात. १९.०५ मि.मी.च्या, म्हणजे पाऊण इंची सिलिंडरमध्ये दाब होतो सुमारे ७० किलो दर चौ.सें.मी. तोच सिलिंडर २२.२ मि.मी.चा केला की दाब ५२ वर येतो. पेडल उंच आणि कडक होते, ब्रेक चांगला झाल्यासारखा वाटतो, पण तितक्याच पायाच्या जोरात दाब २६ टक्क्यांनी घटलेला असतो. बूस्टरने हा जोर परत मिळतो. मात्र बूस्टर सगळ्या लाइनला सारखाच दाब वाढवून देतो, वाटणीला हात लावत नाही आणि थांबायचे किमान अंतरही कमी करत नाही. कारण ते अंतर टायर ठरवतो. म्हणून ब्रेकवर खर्च करण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडी साल पाहावे: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली असूनही दहा-बारा वर्षांचा टायर कडक झालेला असतो. त्यावर कोणतेही कॅलिपर लावा, गाडी घसरणारच.

मागे डिस्क लावायचीच असेल तर कॅलिपरची निवड अतिशय जपून करावी. ड्रममधला शूचा आपोआप ओढला जाण्याचा गुण डिस्कमध्ये नसतो, म्हणून पिस्टनचे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त लागते. ३८ मि.मी.चा पिस्टन आणि ११ सें.मी. त्रिज्या घेतली तर गुणाकार ०.९५ येतो आणि वाटणी ६८:३२ होते. ती मूळच्या जवळ आहे. पण गॅरेजमध्ये पडलेले पुढचेच ५४ मि.मी.चे कॅलिपर मागे चढवले, तर वाटणी ५१:४९ होते आणि ०.६ जीलाच मागची चाके लॉक होतात. ही गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची राहत नाही. इथे दाब घटवणारा व्हॉल्व्ह लावून निभावून नेऊ, असे कोणी म्हणेल. नेऊ नये. तो व्हॉल्व्ह बारीक जुळवणीसाठी असतो, चुकीचे कॅलिपर झाकण्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरतात. काही मास्टर सिलिंडरांच्या तोंडाशी ड्रमसाठी थोडा दाब, साधारण ०.७ बार, लाइनमध्ये राखून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्क लावल्यावर तो काढला नाही तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते आणि मालक कॅलिपरला दोष देत बसतो. हँडब्रेकचेही तेच. मागच्या कॅलिपरला यांत्रिक लिव्हर हवा आणि उतारावर गाडी उभी करून तो धरतो का, हे पाहायलाच हवे. आमच्या मते रस्त्यावर चालवायच्या हलक्या गाडीला मागे चांगले ड्रम पुरेसे आहेत.

खरी पहिली सुधारणा दुहेरी लाइनची. एकेरी लाइनमध्ये एक रबर फाटले की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत विकायच्या एमजीबीत १९६८ च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला तो याच कारणाने. हा बदल नटबोल्टाने होतो, बॉडी कापावी लागत नाही आणि मूळ भाग जपून ठेवले तर परतही करता येतो. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, त्यामुळे परत करता येणारा बदल केव्हाही बरा. बसवल्यावर उभ्या गाडीत पुढच्या ब्रेकचे हवा काढायचे एक निपल उघडून पेडल दाबावे. पेडल बरेच खाली जाईल, पण फरशीला टेकायच्या आत मागचा ब्रेक लागलाच पाहिजे. टेकत असेल तर दांड्याची लांबी किंवा मागच्या शूंची जुळवणी चुकली आहे. शर्यतीसाठी दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये दोन्हींत जोर वाटणारा तोलदांडा लावतात, त्यातही हीच चाचणी करावी. एक लाइन सुटल्यावर दांडा तिरका होऊन अडकत असेल, तर दोन लाइन असून उपयोग शून्य.

काहीही बदलण्याआधी आहे ते नीट करावे. रबरी होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगलेला असतो. ऑईल जाते, पण परत येत नाही, त्यामुळे एकाच बाजूचे चाक तापते आणि गाडी त्या बाजूला ओढते. मागच्या ॲक्सलचे सील गळून शूंना तेल लागले असेल तर ते शू बदलायचे, पेट्रोलने धुऊन पुन्हा लावायचे नाहीत. एमजीबीच्या मागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक जाम होईपर्यंत तो आवळावा आणि चाक मोकळे फिरेल इतकेच मागे घ्यावे. आधी शू, मग हँडब्रेकची केबल. उलट केले तर केबल शूंना अर्धवट उघडे धरते आणि जुळवणी खोटी ठरते. पुढच्या हबचे बेअरिंग शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ०.०५ ते ०.१० मि.मी. ढिलाईवर बसवायचे असते. ढिलाई जास्त असेल तर वळणावर डिस्क डगमगते, पॅड मागे ढकलले जातात आणि त्यानंतर ब्रेक दाबला की पेडल एकदम खोल जाते. लोक हवा समजून पुन्हा पुन्हा ऑईल बदलतात, दोष बेअरिंगमध्ये असतो.

आता एक बारीक वाटणारी, पण सर्वांत धोक्याची गोष्ट. जुन्या ब्रिटिश गाडीत ब्रेक पाइपचे नट ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचे असतात. आपल्याकडच्या दुकानात सर्रास मिळतात ते १० मि.मी., १ मि.मी. आट्यांचे. ३/८ इंच म्हणजे ९.५ मि.मी. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. इंची नट मिलिमीटरच्या भोकात सहज जातो, किंचित खेळतो, शेवटी पान्याने आवळल्यासारखाही वाटतो. ७० किलो दाबाला तो आट्यांसकट बाहेर येतो. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि हलता कामा नये. शंका असेल तर आटे मोजायच्या पात्याने तपासावे. पाइपच्या टोकाचा फुगाही इंची आणि मिलिमीटरच्या पद्धतीत वेगळा असतो, दोन्हींची सरमिसळ गळतेच.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. पेडल नरमच राहत असेल तर आधी कॅलिपर पाहावेत. निपल वरच्या बाजूला हवे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली येते, हवा वर अडकते आणि दोन लिटर ऑईल ओतले तरी निघत नाही.

ऑईलबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे पावसाळा आहे आणि घाट आहेत. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ दर्जाचे ऑईल ताजे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५, डॉट ५.१ ची २६० आणि १८०. हे तिन्ही एका जातीचे आहेत. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते, नाव सारखे म्हणून ते यांत कधीही मिसळू नये. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरण्याचा हिशेब पाहा. सुमारे ५५० मीटर उतरताना ११०० किलोच्या गाडीतून जवळजवळ ६० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायची असते. ताशी १०० वरून एकदा थांबताना सव्वाचार लाख जाते. म्हणजे एक घाट उतरणे हे ताशी १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतके आहे. त्यातली बरीच ऊर्जा इंजिन आणि वारा घेतो, तीही खालचा गिअर ठेवला तरच. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरले की सगळे पुढच्या डिस्कवर येते. चार किलोची डिस्क एका पूर्ण ब्रेकला सुमारे ७५ अंशांनी तापते. चार-पाच ब्रेक पाठोपाठ लागले की कॅलिपरमधले जुने ऑईल उकळते आणि पेडल फरशीला टेकते. वाफ दबते, ऑईलसारखा दाब पुढे देत नाही. जाड डिस्कचा उपयोग इथे होतो. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये कारखान्याने व्यास जवळपास तोच ठेवून डिस्क जाड केली, ती उष्णता साठवण्यासाठी. जाडीने वाटणी बदलत नाही, म्हणून घाटात फिरणाऱ्यांनी व्यास वाढवण्याआधी हाच पर्याय पाहावा. ऑईल दरवर्षी, पावसाळा संपल्यावर बदलावे.

नवे पॅड बसवल्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत दहा मध्यम ब्रेक, मग ८० वरून ३० पर्यंत सहा-सात जोराचे, आणि नंतर दहा मिनिटे ब्रेक न लावता गाडी चालवून गार करणे, एवढे करावेच. गरम डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवू नये, तिथे थर बसतो आणि पुढे पेडल थरथरते. शर्यतीचे पॅड रस्त्यावर वापरू नयेत. ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्या चौकात गार असतात.

वाटणीची शेवटची परीक्षा मोकळ्या, सपाट, बंद जागेत करावी, सार्वजनिक रस्त्यावर मुळीच नाही. चारही टायरांच्या बाजूवर खडूने जाड रेघ ओढावी, एकाने लांब उभे राहून मोबाइलवर चित्रण करावे. ताशी ४० पासून सुरुवात करून ब्रेक थोडा थोडा वाढवत न्यावा. चित्रणात कोणत्या चाकाची रेघ आधी थांबते ते स्पष्ट दिसते. मागच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह असेल तर मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरू करावे आणि अर्धा अर्धा फेरा उघडत जावे. मागचे चाक लॉक व्हायला लागले की पूर्ण एक फेरा परत फिरवून नट आवळून टाकावा. हीच परीक्षा एकट्या चालकासह आणि टाकी जवळजवळ रिकामी असताना पुन्हा घ्यावी, कारण मागचा भार तेव्हा सर्वांत हलका असतो. रोलरवरची तपासणीही करून घ्यावी, पण तिच्यातून डाव्या-उजव्या चाकांतला फरक कळतो. पुढच्या-मागच्या वाटणीचा कौल रोलर देऊ शकत नाही, कारण उभ्या गाडीत भार पुढे सरकतच नाही.

लेखातल्या सल्ल्याप्रमाणे कोणी मागचे ड्रम काढायला घेतले असतील, तर त्यांनी नवे कॅलिपर चढवण्याआधी त्यांच्या पिस्टनचा व्यास मोजून वरच्या हिशेबात घालून पाहावा, ही विनंती आपल्या पुरवणीतूनच पोहोचावी.

आपले,
जुन्या मोटारींच्या ब्रेकचे काम करणारे काही फिटर आणि अभियंते, पुणे